खग्रास ग्रहणाचा व्हिडिओ: नक्की हललं कोण?

एप्रिल २०२४ मधल्या एका रात्री अडीच वाजता माझी पीएच.डी. झाली होती. सकाळी साडेदहाला ती परत अर्धवट झाली. मधल्या आठ तासांची गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी ग्रहणाचा व्हिडिओ घेणं म्हणजे नेमकं काय करणं, हे सांगावं लागेल. नाहीतर माझी चूक कुठे झाली ते कळणार नाही.

८ एप्रिल २०२४ चं खग्रास सूर्यग्रहण मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडावरून गेलं. आम्ही लॅबमधले तिघं दक्षिण इलिनॉयमध्ये, कार्बनडेल नावाच्या गावाजवळ, एका शेताच्या कडेला मुक्काम ठोकून होतो. हे गाव नशीबवान. २०१७ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टाही त्याच्यावरून गेला होता, म्हणजे सात वर्षांत दोनदा. यंदा तिथे दुपारी १ वाजून ५९ मिनिटांनी सूर्य पूर्ण झाकला जाणार होता आणि खग्रास स्थिती टिकणार होती ४ मिनिटं ९ सेकंद. आकाश स्वच्छ होतं.

आम्हाला काय हवं होतं? सूर्याभोवतीचा प्रभामंडल, म्हणजे करोना. (विषाणूच्या आधीपासून हे नाव सूर्याचं आहे, साथीच्या काळात ‘मी करोनावर पीएच.डी. करते’ असं सांगायची चोरी झाली होती.) हा प्रभामंडल दहा लाख अंशांहून जास्त तापलेला असतो आणि तिथूनच सौरवारा सुटतो. पृथ्वीपाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला तीनशे किलोमीटरच्या वर असतो. सूर्याच्या पृष्ठभागाजवळ मात्र तो एवढा धावत नसतो. मग वेग पकडतो कुठे, आणि कसा? त्यासाठी सूर्याच्या अगदी लगतच्या भागात काही हलताना दिसायला हवं. एका फोटोत हालचाल दिसत नाही. म्हणून व्हिडिओ.

आता कॅमेरा. भिंगाचं नाभीय अंतर भागिले १०९ केलं की सूर्याच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. माझं भिंग ५०० मिलिमीटरचं, म्हणजे सूर्य साडेचार मिलिमीटरचा. कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद. पुष्कळ लोक म्हणतात, सूर्य एवढुसा दिसतो, आणखी मोठं भिंग लावा. लावू नका! प्रभामंडलाच्या पाकळ्या सूर्याच्या दोन-तीन व्यासांपर्यंत पसरलेल्या असतात, त्यांना फ्रेममध्ये जागा लागते. आणि दुसरी गंमत म्हणजे, पृथ्वी फिरते. सूर्य आकाशात दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. चार मिनिटांत दोन व्यास, म्हणजे एक अंश. माझी फ्रेम होती पावणेतीन अंश रुंद आणि दीड अंश उंच. सूर्यामागे फिरणारा माउंट लॅबमध्ये एकच, आणि तो मोठ्या दुर्बिणीखाली गेलेला. माझ्या वाट्याला साधा ट्रायपॉड आला. त्यामुळे सुरुवातीला सूर्य मध्यापासून अर्धा अंश डावीकडे ठेवला, म्हणजे चार मिनिटांत तो आपसूक उजवीकडे जाईल आणि बरोब्बर मध्यावर ग्रहणाचाही मध्य येईल. त्यासाठी आदल्या दिवशी त्याच वेळेला त्याच जागेवर तालीम केली. शेतमालक काका लांबून बघत होते. ग्रहण उद्या आहे, असं त्यांनी दोनदा येऊन सांगितलं.

फोकस आधी करून चिकटपट्टी लावून टाकायचा. हे सगळेच सांगतात आणि तरी सगळे विसरतात. ऑटोफोकस चालू राहिला, तर अंधार पडताच कॅमेरा गडबडतो, भिंग पुढे-मागे करत बसतो आणि तुमची चार मिनिटं धुक्यात जातात. मी फिल्टर लावलेला असताना सूर्याच्या कडेवर फोकस केला आणि रिंग बांधून टाकली.

फिल्टरचं तर वेगळंच नाटक. सौर फिल्टर साधारण एक लाखावा हिस्सा प्रकाश आत सोडतो. सूर्याची एवढीशी कोर उरली असेल तरी तो हवाच, कॅमेऱ्यालाही आणि डोळ्यांनाही. पण संपूर्ण प्रभामंडलाचा उजेड सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखावा, पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडा कमीच. म्हणजे फिल्टर काढायला विसरलात तर स्क्रीनवर नुसता काळोख. मी पुठ्ठ्याची सैल टोपी करून तिच्यावर फिल्टरची फिल्म ताणली होती, भिंगाला धक्का न लागता अलगद निघावी म्हणून. खग्रासाच्या वीस सेकंद आधी काढली. या वेळी कॅमेऱ्याच्या आरशातून, व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याने बघायचं नाही, काहीही झालं तरी. स्क्रीनवर बघा. आणि सूर्याचा पहिला थेंब परत चमकला की टोपी लगेच वर.

खरी अडचण एक्स्पोजरची. प्रभामंडल कडेपाशी झगझगीत आणि बाहेर जाताना झपाट्याने मंद होत जाणारा. सूर्याच्या कडेपासून एक व्यास दूर गेलं की उजेड हजारपटीने उतरतो. डोळा हे सगळं एकाच वेळी सामावून घेतो, म्हणून प्रत्यक्ष पाहणारा वेडा होतो आणि फोटो पाहणारा म्हणतो, ‘बरा आहे.’ फोटो काढणारे यावर उपाय करतात: सेकंदाच्या हजाराव्या भागापासून ते एक-दोन सेकंदांपर्यंत वेगवेगळी एक्स्पोजर घेऊन मागाहून जोडतात. व्हिडिओत ती सोय नाही. सेकंदाला तीस फ्रेम म्हटलं की एका फ्रेमला सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त वेळ देताच येत नाही. आणि ऑटो एक्स्पोजरवर सोडलंत तर कॅमेऱ्याला वाटतं रात्र झाली, तो उजेड वाढवत नेतो आणि प्रभामंडलाचा पांढरा गोळा करून टाकतो. फोनवर घेतलेले बहुतेक ग्रहण-व्हिडिओ असे का दिसतात, त्याचं उत्तर हेच.

मी लॅपटॉपवरून शटर बदलायचं ठरवलं होतं. पहिली आणि शेवटची वीस सेकंदं १/२०००, चंद्राच्या डोंगर-दऱ्यांमधून झिरपणाऱ्या उजेडाचे बेलीचे मणी आणि गुलाबी सौरज्वाला जळून जाऊ नयेत म्हणून. मधली साडेतीन मिनिटं १/१००, आयएसओ ४००, एफ/८. यात आतली कडा थोडी जळते आणि बाहेरचं टोक नॉइजमध्ये बुडतं. पण व्हिडिओकडे एक हुकमाचा पत्ता असतो: फ्रेमची संख्या. शंभर फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढली तर नॉइज दहापट कमी होतो. साडेतीन मिनिटांत माझ्याकडे सहा हजारांहून जास्त फ्रेम जमा होणार होत्या. बुडालेलं टोक त्यांतून वर काढता येतं.

अट एकच. सगळ्या फ्रेम नेमक्या एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

प्रत्यक्ष ग्रहणाचं वर्णन मी करणार नाही. ते मला जमत नाही, आणि त्या चार मिनिटांतली दोन मी लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत घालवली, याचं वाईट अजून वाटतं. एवढंच सांगते की सूर्य तेव्हा त्याच्या चक्राच्या ऐन भरात होता, त्यामुळे प्रभामंडल चहूबाजूंनी फुललेल्या झेंडूसारखा होता. बिंबाच्या खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. ती सौरज्वाला. ती पुढे माझ्याविरुद्ध साक्ष देणार होती.

चौथ्या रात्री सगळ्या फ्रेम जुळवून झाल्या. मी उजवीकडची, म्हणजे सूर्याच्या पश्चिमेकडची, सगळ्यात देखणी पाकळी कापून घेतली आणि तेवढाच तुकडा पळवून पाहिला. पाकळीतली एक गाठ बाहेरच्या दिशेने सरकत होती. सावकाश, सलग. परत पाहिलं, उलटं पळवून पाहिलं. सरकत होती!

मोजलं. ३६ पिक्सेल. माझ्या व्हिडिओत एक पिक्सेल अडीच विकलांचा. (पंचांगातल्याच विकला, अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला.) म्हणजे ९० विकला. सूर्याच्या अंतरावर एक विकला म्हणजे सव्वासातशे किलोमीटर. एकूण ६५ हजार किलोमीटर, २१० सेकंदांत. सेकंदाला ३१० किलोमीटर.

तीनशे दहा! सौरवाऱ्याचा अगदी पुस्तकातला वेग. रात्री अडीचला मी लॅबमध्ये एकटी उभी राहून टाळ्या वाजवल्या. मग आईला फोन लावला. तिकडे दुपारचा एक वाजला होता. ती म्हणाली, ‘बरं झालं. जेवलीस का?’

सकाळी साडेदहाला अ‍ॅडव्हायजरबाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, ‘सूर्यापासून इतक्या जवळ इतका वेग कसा?’ मी गप्प. अंतराळातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या अशा गाठींना तीनशेचा वेग गाठेपर्यंत सूर्याच्या वीसेक त्रिज्या दूर जावं लागतं, हे मी स्वतःच सेमिनारमध्ये शिकवलं होतं. माझी गाठ तर कडेला चिकटूनच होती. मग दुसरा प्रश्न: ‘डावीकडची पाकळी कुठे जातेय?’

डावीकडची मी पाहिलीच नव्हती. लगेच काढली. तिच्यातली गाठही ३६ पिक्सेल सरकत होती. त्याच दिशेने. म्हणजे बाहेर नव्हे, आत, सूर्याकडे. आणि खालचा गुलाबी ठिपका? तोही उजवीकडे निघालेला, त्याच वेगाने. सौरवारा सूर्यातून बाहेर पडतो. सगळा प्रभामंडल एका अंगाने उचलून पश्चिमेला नेत नाही.

बाईंनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली. त्या दिवशी चंद्राचं बिंब सूर्यापेक्षा साधारण साडेपाच टक्के मोठं होतं. सूर्याचा व्यास १९२० विकला, म्हणजे चंद्र सुमारे १०५ विकला जास्त. खग्रास स्थिती टिकते ती एवढ्या फरकापुरतीच: चंद्राची एक कड सूर्याच्या कडेला टेकते तेव्हा ती सुरू होते, आणि चंद्र हा जास्तीचा भाग सरकून गेला की दुसरी कड टेकते आणि ती संपते. १०५ विकला, २४९ सेकंद. सेकंदाला ०.४२ विकला. मधल्या २१० सेकंदांत सुमारे नव्वद. माझा आकडा!

हललेला चंद्र होता. फ्रेम जुळवणाऱ्या माझ्या प्रोग्रामने, कोणत्याही शहाण्या प्रोग्रामने केलं असतं तेच केलं: चित्रातली सगळ्यात ठसठशीत रेघ पकडली. ती रेघ म्हणजे चंद्राची काळी कड. तिच्याशी सगळ्या फ्रेम बांधल्यावर चंद्र स्थिर झाला आणि पूर्वेकडे सरकण्याची त्याची चाल सूर्याच्या खात्यावर, उलट्या दिशेने, जमा झाली. स्टेशनात शेजारच्या फलाटावरची गाडी सुटते आणि आपल्याला वाटतं आपलीच सुटली, तसं. आणि तीनशे दहा हा आकडा सौरवाऱ्याशी जुळला तो निव्वळ योगायोग. आकडा साठ किंवा नऊशे आला असता तर मी लगेच शंका घेतली असती. हवा तोच आला, म्हणून घेतली नाही.

मग बरोबर कसं जुळवायचं? कड वापरायची नाही, प्रभामंडलच वापरायचा. पण तो असतो धुरकट, पकडायला ठसठशीत काही नाही. म्हणून आधी चंद्र झाकून टाकायचा, आतून बाहेर होणारा उजेडाचा उतार काढून टाकायचा, म्हणजे केसासारख्या बारीक रेषा वर येतात, आणि मग त्या रेषांच्या आधारे दोन फ्रेममधला फरक शोधायचा. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचे गणितज्ञ मिलोस्लाव्ह द्रुकम्युलर यांनी हे काम कलेच्या पातळीला नेलंय. ग्रहणाचे जे थक्क करणारे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यांतले बरेच त्यांच्या पद्धतीने जुळवलेले आहेत. त्यात माझ्यासारख्या ट्रायपॉडवाल्यांना आणखी एक भुर्दंड: स्थिर कॅमेऱ्यात सूर्य नुसता सरकत नाही, थोडा गिरकीही घेतो.  तीही काढावी लागली. या सगळ्याला सात आठवडे लागले.

हालचालीचा हा हव्यास जुना आहे. आणि इथे एक घरगुती गोष्ट सांगायलाच हवी. माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर, करमाळ्याजवळचं. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण जेऊरवरून गेलं होतं. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नाएगमवाला तिथे दुर्बिणी घेऊन आले होते, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही. हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं, याची जरा लाजच वाटते. त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर उतरले होते. (लॉकियर आणि हेलियम ही जोडी विजयदुर्गाशी नेहमी लावली जाते, पण हेलियमची रेषा १८६८ ची, आणि लॉकियरनी ती इंग्लंडमध्ये पाहिली होती. विजयदुर्ग तीस वर्षांनंतरचा.) आणि त्याच ग्रहणाचं चलच्चित्र घ्यायला नेव्हिल मॅस्केलिन हा इंग्लिश जादूगार भारतात आला. त्याने ते घेतलंही, पण परतीच्या प्रवासात फिल्मचा डबाच चोरीला गेला. तो हटला नाही. २८ मे १९०० ला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये त्याने पुन्हा प्रयत्न केला. ती जेमतेम मिनिटभराची फिल्म टिकली, आणि २०१९ मध्ये स्वच्छ करून पुन्हा लोकांसमोर आली. शोधून जरूर बघा. हिऱ्याची अंगठी त्यात स्पष्ट दिसते.

पण एका जागेवरून चार मिनिटांत फारसं काही हलत नाही, हीच मुळात अडचण. म्हणून १९७३ मध्ये काही शास्त्रज्ञ काँकॉर्ड विमानात बसून आफ्रिकेवरून चंद्राच्या सावलीबरोबर धावले आणि त्यांनी ७४ मिनिटं खग्रास अनुभवलं. अलीकडचा उपाय जास्त स्वस्त आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत साठाहून जास्त ठिकाणी सारख्याच दुर्बिणी ठेवल्या गेल्या. चालवणारे विद्यार्थी, शिक्षक, हौशी लोक. एकाची दोन मिनिटं संपायच्या आत पुढच्याची सुरू. सगळं जोडून दीड तासाची एक फिल्म. २०२४ मध्ये टेक्सासपासून मेनपर्यंत ३५ गटांनी असाच तासाभराचा पट जोडायला घेतला. तिथेही पहिला प्रश्न तोच: कड सोडून जुळवणार कशावर?

‘अंतराळात कॅमेरे असताना ग्रहणाच्या मागे का धावता?’ हे मला घरीही विचारतात. आपल्या आदित्य-एल१ वर बेंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेने बनवलेला व्हीईएलसी हा प्रभामंडल बघणारा कॅमेरा आहेच. डिसेंबर २०२४ मध्ये इस्रोच्या रॉकेटवरून युरोपची प्रोबा-३ ही जोडगोळी गेली. दीडशे मीटर अंतर ठेवून उडणाऱ्या दोन यानांपैकी एक दुसऱ्यासाठी ‘चंद्र’ होतं. माझ्यासारख्यांचा धंदा बंद पाडणारी ही मंडळी आहेत, आणि मला त्यांचा आनंदच आहे. पण एका चित्रात अगदी कडेपासून दूरवरच्या टोकापर्यंत, बारीक रेषांसकट प्रभामंडल बघायचा, तर खरा चंद्र अजून हार गेलेला नाही.

बरोबर जुळवल्यावर माझ्या व्हिडिओत काय उरलं? पश्चिमेच्या पाकळीत दोन पिक्सेलांपेक्षा जास्त काहीही हललेलं नाही. म्हणजे मला दिसणाऱ्या गाठींपैकी एकीचाही वेग सेकंदाला वीस किलोमीटरच्या वर नव्हता. प्रबंधात याचा एक परिच्छेद आणि एक आलेख. पहिल्या रात्रीची चुकीची आकृतीही परिशिष्टात घातली आहे. बाईंचा आग्रह होता.

तुम्ही जाणार असाल तर: १२ ऑगस्ट २०२६ ला स्पेनमध्ये खग्रासाच्या वेळी सूर्य मावळतीला आलेला असेल, क्षितिजापासून जेमतेम दहा-बारा अंशांवर किंवा त्याहूनही खाली. तिथे पश्चिमेला डोंगर नाही ना, हे आधी जाऊन बघा. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधल्या लक्सरला सव्वासहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे, पण सूर्य ८२ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. तिथे फिरणारा माउंट न्याच. २० मार्च २०३४ ला कारगिलच्या बाजूला आहे. आणि कुठेही गेलात तरी एक फोन वेगळा, रुंद कोनात, एक्स्पोजर लॉक करून, लोकांकडे तोंड करून ठेवा. माझ्या त्या फोनच्या फिल्ममध्ये पश्चिमेकडून येणारी सावली आहे, शेतमालक काकांची आरोळी आहे आणि मी लॅपटॉपवर वाकलेली आहे. जेऊरला आजी तीच फिल्म परत परत लावायला सांगते. ग्रहण बघू नये, या मतावर ती ठाम आहे. पण हे ग्रहण नव्हे, हा फोन, असं तिचं म्हणणं.